वडसरचं वळण

तेहतीस वर्षं महापालिकेच्या नकाशाखात्यात होतो.
विश्वामित्री कितीदा काढली शाईनं,
ट्रेसिंग कागदावर, पाठ मोडून,
पण काठावर उतरलो नाही कधी.
कालाघोड्याच्या पुलावरून स्कूटर जायची
तेव्हा नाक दाबायचो.
एवढीच ओळख.

अक्षराला वळण होतं
म्हणून तर नोकरी लागली होती.
आणि एका दुपारी साहेब म्हणाले, पागेदार,
वडसरजवळचं हे वळण काढून टाका,
पाणी अडतं इथं.
काढायचं म्हणजे
दाढीचं पातं अर्धं मोडायचं,
शाई खरवडायची हलक्या हातानं,
कागद फाटू द्यायचा नाही,
मग नखानं घोटून गुळगुळीत.
वीस मिनिटांत नदी सरळ झाली.
मी चहा घेतला.

पुढे ती फाइल कुठल्याशा कपाटात बसली
आणि वळण राहून गेलं.
त्यात माझं काहीच श्रेय नाही.

आज फेब्रुवारीची रात्र, अकरा वाजून गेलेत.
झंखना पुढे, तिच्या कपाळावर दिवा,
मी मागे, हातात वही.
गुडघे कुरकुरतात.
ती गुजरातीत कुजबुजते, मी मराठीत लिहितो,
मगरीला दोन्ही चालतं,
दोन्ही घरांचं सांडपाणी तिनं प्यायलंय.
दिव्याचा झोत पाण्यावरून फिरला
की अंधारात कुणी विडी ओढावी तसे डोळे.
दोन ठिणग्या, म्हणजे एक जनावर.
आठ फूट.
पाच, अंदाजे.
हे हातभर, गेल्या पावसातलं.
हा टायर आहे, काका, खोडा.

शनाभाईची वांगी अगदी काठावर.
तो सांगतो, तिचं बीळ चौथ्या वाफ्याखाली आहे,
म्हणून चौथ्याला मी पाणीच देत नाही.
त्या वाफ्याचे महिन्याला किती बुडतात
ते त्यानं सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात यंत्रं येणार आहेत.
नदी सुधारायची आहे:
उतार एकसारखा, वर दगडांच्या जाळ्या.
जाळीत अंडी कुठं घालणार ती,
आणि मऊ पाठीची कासवं?
आम्ही बिळांपाशी बांबू रोवलेत,
लाल चिंध्या बांधून.
चिंध्या सुमनच्या साडीच्या. तिनं स्वतःच फाडून दिली,
म्हणाली, तुम्ही पूर आणलात घरात, आता मगरीही आणा.
ठेकेदाराचा मुकादम काही वाईट माणूस नाही.
बांबूकडे पाहून एवढंच म्हणाला,
नकाशावर नाही ना साहेब,
मग मी काय करू?

त्या रात्री खण उघडला.
पेनची नीब सुकून दगड झाली होती,
कोमट पाण्यात भिजवली, फुंकली, झटकली,
बनियनवर डाग पडला.
मग काढलं वळण.
हात आता थरथरतो, तर रेघही थरथरली,
पण काठ तसाच आहे खरा.
खुणांच्या सूचीत
विहीर होती, देऊळ होतं, खांब, गटाराचं झाकण.
बिळाला खूण नव्हती.
मी एक केली:
अर्धा गोल, वर टिंब,
चंद्रबिंदूसारखी.
एकोणीस चंद्रबिंदू काढले एका काठाला.
अर्जासोबत दिला नकाशा.
आवक क्रमांक मिळालाय.
त्या खात्यात आवक क्रमांकाची किंमत किती
हे माझ्याइतकं कुणाला माहीत!

वळण आलं.
इथं पाणी खरोखरच थांबतं,
वाळ्याच्या मुळाशी जरा टेकतं,
मग पुढे जातं.
झोत फिरला.
एकच ठिणगी.
आम्ही थांबलो, ती हलेना.
झंखना, एकच डोळा दिसतोय, मी म्हणालो,
अर्धी लिहू का?
ती हसली नाही.
दुसरी बाजू आपल्याला दिसत नाहीये, काका, तेवढंच.
एक लिहा.

लिहिलं.
एक हा आकडा मराठीत
पूर्ण वळूनच काढावा लागतो.
थंडी होती,
शेवटचा फाटा जरा लांबला.